सापाचं विष, प्रतिविष आणि प्रथिनांची पकड



नागपंचमी म्हटलं की सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा आठवतं. पण शिराळा-वाळव्यापासून साताऱ्याच्या कराड-पाटणपर्यंत उसात आणि भातखाचरात राबणाऱ्यांची सापाशी गाठ कधीही पडते. म्हणून ‘प्रथिने एकमेकांना कशी धरतात’ हा धडा मुलांना सर्पदंशावरूनच सांगावा.

बहुतेक प्रथिनांना घडीचा ठरावीक आकार असतो. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोबणीत बसला, धन भारासमोर ऋण भार आला, पाणी टाळणारे भाग एकमेकांना भिडले, की पकड बसते. एकेक ओढ कमकुवत. पण अनेक मिळून घट्ट!

आता नागाचं विष पाहा. मज्जातंतू स्नायूला ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत निरोप पाठवतो. तो घेणारं स्नायूवरचं प्रथिन म्हणजे ग्राही. विषातलं एक छोटं प्रथिन नेमकं त्या ग्राहीवर जाऊन बसतं. निरोप पोहोचतच नाही. पापण्या जड होतात, पुढे श्वासाचे स्नायूही थकतात. घोणसाचं विष मात्र रक्त गोठवणारी प्रथिनं भलत्या वेळी कामाला लावून संपवतं. मग रक्त गोठत नाही.

यावर दवाखान्यात देतात ते प्रतिविष. लोक त्याला ‘सापाची लस’ म्हणतात, पण ती लस नव्हे. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली ती प्रतिपिंडं. तीही प्रथिनंच! ती विषाला धरून ठेवतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ती चालतात.

इथे वर्गात विचारा: लहान मुलाला प्रतिविष कमी द्यायचं का? बरीच मुलं ‘हो’ म्हणतील. उत्तर आहे, नाही. मोठ्यांइतकंच द्यायचं. प्रतिपिंडांना विष धरायचं असतं, आणि समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. आपल्याकडचं १ मिली प्रतिविष नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं. या हिशेबात रुग्णाचं वजन येतच नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. प्रतिपिंडं मुख्यतः मोकळं फिरणारं विष पकडतात. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंची टोकं एकदा बिघडली, की प्रतिविष ती दुरुस्त करू शकत नाही. म्हणून मांत्रिक नको, चिरा नको, करकचून दोरी नको. चावलेला हात-पाय हलू न देता, माणसाला न चालवता, थेट दवाखाना गाठायचा.

एवढं ‘का’सकट समजलं, तर मूल घरीही ठामपणे सांगेल.