जुन्या जीपला दुसरं इंजिन

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावसारख्या रस्त्यावरच्या गावात जुनी जीप सहसा मोडीत निघत नाही, तिचं इंजिन बदललं जातं. महिंद्रने १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्या गाड्यांचं पेट्रोल इंजिन इंधन फार पीत असे. म्हणून अनेकांनी त्याजागी डिझेल बसवलं.

उतरवून चढवलं की झालं, असं हे काम नाही. डिझेल इंजिन वजनदार असतं. पुढचे पाटे बसतात, फाउंडेशन नव्याने वेल्ड करावं लागतं. खरी परीक्षा इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगची. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आले नाहीत, तर क्लच आणि बेअरिंग लवकर जातात. म्हणून दोन्हींच्या मधली अडॅप्टर प्लेट लेथवर नीट करून घ्यावी. इथे पैसे वाचवू नयेत. शिवाय पंप आणि इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी नळी हवी, तसंच मोठा स्टार्टर आणि दमदार बॅटरीही. डिझेल कमी फेऱ्यांवर जोर देतं, त्यामुळे मागच्या एक्सलचं गुणोत्तर जुनंच ठेवलं तर गाडी जवळच्या मढी गावाचा चढ सहज चढेल, पण सपाट रस्त्यावर नुसतीच ओरडेल.

आता कागद. नोंदणीत चासिस क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांक आणि इंधनही असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परिवहन कार्यालयाच्या मंजुरीनेच करायचा. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमतीही लागते. भंगारातून इंजिन घेताना पावती आणि ठोकलेला क्रमांक आधी पाहावा, भाव मग करावा.