भट्टीत घडणारा अतिवाहक

जबलपूरच्या ग्रे आयर्न फाउंड्रीचं नाव ज्या करड्या बिडावरून आलं, त्याचा गुण मिश्रणाइतकाच निवण्याच्या वेगावर ठरतो. रस सावकाश गार झाला की कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांत वेगळा होतो आणि बीड सहज कापलं जातं. तोच रस झटकन गार केला, तर कठीण आणि ठिसूळ पांढरं बीड हाती येतं.

अतिवाहकांना हा नियम आणखी कडकपणे लागू होतो. इट्रियम, बेरियम आणि तांब्याचं ‘वायबीसीओ’ हे ऑक्साइड १९८७ साली उजेडात आलं. उणे १८१ अंश सेल्सियसच्या आसपास त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. त्याला गार ठेवायला उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन पुरतो. पण भुकटी नुसती दाबून भाजली, तर ठोकळ्यातले कण वाटेल त्या दिशेला तोंड करून बसतात. शेजारच्या कणांमधला कोन दहाएक अंशांपलीकडे गेला, की सीमेवरून जाणारा प्रवाह झपाट्याने घटतो.

म्हणून पदार्थ हजार अंशांच्या थोडा वर तापवतात. तिथे तो फुटून त्याचे द्रव आणि हिरवे घनकण होतात. वर बीजस्फटिक ठेवून तापमान तासाला अंशभर, कधी त्याहूनही हळू उतरवलं, की अख्खा ठोकळा एकाच दिशेने वाढतो. काही हिरवे कण आत अडकून राहतात. ते स्वतः अतिवाहक नाहीत, तरी ठोकळ्यात शिरलेल्या चुंबकक्षेत्राच्या भोवऱ्यांना जागच्या जागी जखडतात आणि त्यामुळेच ठोकळा बलवान चुंबक होतो. या साऱ्या प्रक्रियेत मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. मात्र कण बारीक हवेत. ते फुगू नयेत म्हणून प्लॅटिनम किंवा सेरियम ऑक्साइड चिमूटभर घालतात. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेतल्या (डीएमआरएल) संशोधकांनी १९९८मध्ये वेगळी वाट दाखवली: आधी हिरव्या कणांचाच साचेबंद आकार करायचा आणि त्यात द्रव मुरवायचा. ठोकळा जवळजवळ आकसत नाही.

एवढं करूनही भट्टीतून निघालेल्या स्फटिकात ऑक्सिजन कमी असतो. ४०० ते ५०० अंशांवर ऑक्सिजनमध्ये कित्येक दिवस ठेवल्यावर तो खरा अतिवाहक होतो. या टप्प्यात सूक्ष्म भेगा पडतात, आणि आत कोंडलेलं चुंबकत्व ठोकळ्याला आतून बाहेर ढकलून तिथेच तडकवू पाहतं. २००३मध्ये जपानी संशोधकांनी भेगांत राळ भरून १७.२४ टेस्ला चुंबकक्षेत्र कोंडलं. रुग्णालयातलं एमआरआय बहुधा दीड किंवा तीन टेस्लाचं असतं. २०१४मध्ये केंब्रिजच्या गटाने इट्रियमऐवजी गॅडोलिनियम असलेल्या दोन ठोकळ्यांवर तापवलेली पोलादी कडी चढवली. गार होताना कडी आवळली गेली, आणि उणे २४७ अंशांवर १७.६ टेस्ला टिकलं.