कॅरीतल्या घराच्या भिंतीत दडलेली वायर

घरात गिगाबिटचं कनेक्शन आहे, तरी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला की आई म्हणते, "तुझा आवाज तुटतोय." मग आपण कंपनीला शिव्या घालतो. पण २०१५ मध्ये गूगल फायबरने रॅले-डरहम परिसर निवडल्यापासून कॅरीत घराच्या दारापर्यंत येणारा वेग हा सहसा प्रश्न राहिलेला नाही. घोळ होतो तो गॅरेजपासून वरच्या खोलीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात. तो हवेतून पार पडतो.

वाय-फायवर एका चॅनलवर साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलतं, बाकीची थांबतात. शेजारच्या टाउनहोमचा राउटर त्याच चॅनलवर असेल तर तोही त्याच रांगेत. डाउनलोड करताना शंभरेक मिलिसेकंदांचा खोळंबा कळत नाही, बोलताना मात्र कळतो. वायरवर ही रांगच नाही.

पण वायर टाकायला भिंती फोडायच्या का? बऱ्याचदा नाही. २००० नंतर बांधलेल्या इथल्या कितीतरी घरांत फोनसाठी कॅट ५ई केबल टाकलेली आहे. तीच केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते! फोनचा एखादा जॅक उघडून केबलवरची अक्षरं वाचा. जॅकमागे एकच केबल असेल तर ती बहुधा थेट क्लॉजेटमधल्या पांढऱ्या डब्यात जाते, म्हणजे काम सोपं. दोन असतील तर केबल खोलीतून खोलीत फिरवलेली आहे, मग जरा डोकं लावावं लागतं.

आधी बाहेरून येणारी फोनलाइन सोडवा. तिच्यावर साधारण ४८ व्होल्ट असू शकतात, नेटवर्कच्या उपकरणांना ते झेपणार नाहीत. मग दोन्ही टोकांना इथरनेटचे जॅक बसवा, रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखाच. फोनला तारांची एकच जोडी पुरायची, गिगाबिटला चारही लागतात. स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास अडकली तर समजा, एखादी तार नीट बसलेली नाही.

आता कनेक्शन वाटायचं कसं? कंपनी घराला बहुतेक वेळा एकच सार्वजनिक पत्ता देते. राउटर हा सोसायटीचा वॉचमन: पत्र सोसायटीच्या नावाने येतं, कुठल्या फ्लॅटचं ते त्याच्या वहीत असतं. आतले १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून अशा खासगी वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. वॉचमन एकच हवा. जास्त खोल्या जोडायच्या तर डब्यात साधा स्विच ठेवा. जुना राउटर पडून आहे म्हणून तोच जोडला तर दोन वह्या तयार होतात आणि गेमिंग किंवा ऑफिसचं व्हीपीएन अडखळू शकतं. वापरायचाच असेल तर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका.

घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा, आणि काढलेले जुने जॅक पिशवीत घालून ठेवा. घर सोडताना परत बसवता येतात.