नगराध्यक्ष ते महापौर : सोलापूरच्या मानाच्या खुर्चीची हकीकत

शाळेंत नागरिकशास्त्र शिकवितांना आम्ही एक प्रश्न हटकून विचारीत असूं : "आपल्या शहराचा प्रथम नागरिक कोण ?" वर्ग एका सुरांत "महापौर" म्हणे आणि आम्ही समाधानानें पुढील धड्याकडे वळत असूं. एके वर्षीं मागील बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. "गुरुजी, मग नळाला पाणी महापौर सोडतात का ?" आम्हीं सांगितलें, "नाहीं, तें आयुक्तांचें काम." "आणि रस्ते ?" "तेही आयुक्तांकडेच." "मग महापौर काय करतात ?" तेवढ्यांत तास संपल्याची घंटा झाली म्हणून आमची लाज राहिली. त्या मुलाचें ऋण आज थोडेंफार फेडावें असा विचार आहे. उशीर झाला आहे खरा.

प्रथम शब्दाकडे पाहूं, कारण आमची खोड तीच. पुर म्हणजे नगर. त्यांत राहणारा तो पौर. रामायणांत पौर आणि जानपद, म्हणजे शहरचे लोक आणि खेड्यापाड्यांचे लोक, ही जोडी ठिकठिकाणीं भेटते. इंग्रजी 'मेयर' या शब्दाच्या मुळाशीं 'अधिक मोठा' अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे. भाषाशुद्धीच्या चळवळींत सावरकरांनीं त्यास 'महापौर' हा प्रतिशब्द दिला आणि तो इतका बेमालूम बसला, कीं एके काळीं तो नवा होता हेंच आज कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आतां कौटिल्याकडे वळल्यास वेगळीच गंमत दिसते. त्याच्या अर्थशास्त्रांत नगराची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव 'नागरिक' असें आहे. त्याच्या हाताखालीं स्थानिक आणि गोप असत, आणि एकेका गोपाकडे दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांची नोंद असे. हा नागरिक राजाचा सेवक. पौर हा नगराचा रहिवासी. आजचा आयुक्त त्या नागरिकाच्या कुळांतला आणि महापौर पौरांच्या कुळांतला, एवढें ध्यानीं धरलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाहीं.

सोलापुरास म्युनिसिपालिटी मिळाली ती १८५० च्या सव्विसाव्या कायद्यान्वयें, १८५२ सालीं. त्या काळीं जिल्ह्याचा कलेक्टर हाच अध्यक्ष असे आणि बाकीचे सभासद सरकारनें नेमलेले असत. दिवाबत्ती, झाडलोट, पाणी हीं कामें होत. पण ज्याच्या दारापुढें दिवा लागे त्याला त्याबाबत विचारण्याची चाल नव्हती. पुढें १८७७ सालीं जुनी गिरणी सुरू झाली, मागोमाग आणखी गिरण्या उभ्या राहिल्या, आणि मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू अशा चार भाषा एकाच पेठेंत बोलणारें हें गांव कामकऱ्यांचें शहर बनलें. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यानंतर निवडून आलेले सभासद हळूहळू वाढले आणि कलेक्टरसाहेबांची खुर्ची बिनसरकारी गृहस्थांकडे येऊं लागली.

या खुर्च्यांचें महत्त्व आपल्या पुढाऱ्यांनीं चांगलें ओळखलें होतें. १९२४ सालीं कलकत्त्यास चित्तरंजन दास महापौर झाले. त्याच सुमारास अहमदाबादेस वल्लभभाई पटेल आणि अलाहाबादेस जवाहरलाल नेहरू म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष होते. गटारें आणि जकात यांचा हिशेब ठेवतांठेवतां हीं माणसें राज्य चालविण्यास शिकलीं. सोलापूरच्या खुर्चीची परीक्षा मात्र हिशेबांत झाली नाहीं, निराळ्याच गोष्टींत झाली.

६ एप्रिल १९३० रोजीं दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनीं मीठ उचललें. त्याच दिवशीं सोलापूर म्युनिसिपालिटीच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. तो पुण्याच्या अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्तें चढविण्यांत आला, आणि नगरपालिकेवर राष्ट्रध्वज लागण्याचा देशांतील हा पहिला प्रसंग मानतात. त्या वेळीं अध्यक्षपदीं शेठ माणिकचंद शहा होते. वाचकांनीं एक गोष्ट येथें लक्षांत घ्यावी. ती संस्था सरकारच्या कायद्यानें जन्मलेली, तिचे अधिकार त्याच कायद्यांतले, आणि ती बरखास्त करण्याची सत्ताही सरकारच्याच हातीं. अशा घरावर हा ध्वज लावणें म्हणजे काय, हें अध्यक्षांस ठाऊक नसेल असें संभवत नाहीं.

पुढें महिन्याभरांतच वणवा पेटला. ४ मेच्या रात्रीं गांधीजींस अटक झाली. ती बातमी येतांच सोलापुरांत हरताळ पडले, मिरवणुका निघाल्या. ८ मे रोजीं गोळीबार झाला. त्यांत शंकर शिवदारे हा तरुण पडला. लोक खवळले, पोलीस शहरांतून मागें हटले, आणि ९, १० व ११ मे असे तीन दिवस सोलापुरांत इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. त्या दिवसांत गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणें हें धाडसाचें काम होतें. ध्वजाची किंमत वसूल झाली ती अध्यक्षांकडून : माणिकचंद शहांना सहा महिन्यांची कैद आणि दहा हजार रुपये दंड झाला. दहा हजार ही त्या काळीं एखाद्या सुखवस्तु घराची आयुष्यभराची पुंजी होय. पुढें १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्याच्या तुरुंगांत फांसावर चढले. 'हुतात्मा' हा शब्दही सावरकरांचाच. शहराच्या मध्यवस्तींतील चौकास आज तो नांव देऊन आहे.

म्युनिसिपालिटीच्या कायद्याचें पुस्तक उघडून पाहिल्यास अध्यक्षाचीं कर्तव्यें म्हणून सभा चालविणें, खर्चावर देखरेख ठेवणें असलीं कलमें सांपडतील. तुरुंगांत जाण्याचें कलम त्यांत नाहीं. तरीही या खुर्चीचें नांव निघालें कीं सोलापूरकरास आठवतो तो तोच प्रसंग, अमुक अध्यक्षांनीं बांधलेला अमुक रस्ता नव्हे.

स्वातंत्र्यानंतर शहर वाढलें आणि १ मे १९६४ रोजीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पारसमल जोशी हे पहिले महापौर. अप्पासाहेब वारदांचें इंद्रभुवन हें या कारभाराचें घर झालें. त्याचें नक्षीकाम पाहण्यास परगांवचे पाहुणे आजही आवर्जून जातात. परंतु नांवांत 'महा' आला आणि हातांतलें मात्र कमी झालें. १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यानें कारभाराची सर्व सत्ता आयुक्ताकडे दिली, आणि आयुक्त नेमावयाचा राज्य सरकारनें. महापौरानें सभेचें अध्यक्षस्थान घ्यावें, मतें समसमान पडल्यास निर्णायक मत द्यावें, आयुक्ताकडून माहिती मागवावी, पाहुण्यांचें स्वागत करावें. तिजोरीच्या किल्ल्या त्याच्याकडे नाहींत. मुदतही आरंभीं एकाच वर्षाची, पुढें अडीच वर्षांची झाली. मोटारीवरचा लाल दिवा होता, तोही २०१७ सालीं देशभर सर्वांचाच उतरला. त्याचें आम्हांस दुःख नाहीं.

मान मोठा आणि सत्ता थोडी, अशा या जागेवर पुढें घडलेली एक गोष्ट आमच्या वाचकभगिनींस विशेष आवडेल. २०१२ पासून २०२२ पर्यंत सोलापूरच्या महापौरपदीं एकामागून एक चार स्त्रियाच बसल्या : अलका राठोड, सुशीला आबुटे, शोभा बनशेट्टी आणि श्रीकांचना यन्नम. आरक्षणाच्या सोडतीनें संधि मिळाली, असें नाक मुरडून म्हणणारे आहेत. आम्ही त्यांस एवढेंच विचारतों, कीं त्यापूर्वींच्या शंभर-सव्वाशें वर्षांत पुरुषांस जें आरक्षण होतें तें कोणत्या सोडतीनें मिळालें होतें ? ज्या घरांतून पाण्याचे हंडे बायकांनीं भरावयाचे, त्या शहराच्या सभेंत पाण्याचा विषय निघाला असतां वरच्या आसनावर बाई असणें आम्हांस तरी स्वाभाविक वाटतें.

मार्च २०२२ मध्यें सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली. पावणेचार वर्षांहून अधिक काळ आयुक्तांनींच प्रशासक या नात्यानें सभेचेही अधिकार चालविले. म्हणजे नागरिक आणि पौर हीं दोन कुळें १८५२ सालच्याप्रमाणें पुन्हां एकाच खुर्चींत बसलीं. कामें या काळांत झालीं नाहींत असें नव्हे; कलेक्टरसाहेबांच्या काळींही तीं होतच होतीं. फक्त प्रश्न विचारण्यास उभा राहणारा कोणी नव्हता.

अखेर १५ जानेवारी २०२६ रोजीं, ऐन सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, मतदान झालें. सभासद एकंदर १०२. बहुतेक प्रभागांतून चार चार निवडावयाचे, म्हणून मतदारानें बटणेंही चार दाबावयाचीं. आमच्या घरचीं सातही मतें सकाळींच निघालीं. मातोश्रींचें वय आतां अठ्ठ्याऐंशीं. त्यांस आदल्या रात्रीं आम्हीं चार रंगांच्या चार चिठ्ठ्या मांडून सर्व समजावून दिलें. त्यांनीं चष्मा पुसला, चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलें, "यांत महापौराचें बटण कोणतें रे ?"

आम्हीं सांगितलें, कीं पंढरपूर-बार्शीचे लोक आपला नगराध्यक्ष थेट निवडतात. आपल्याकडे मात्र निवडून आलेले १०२ जण आपसांत महापौर निवडतील, आपणांस तें बटण नाहीं.

"असें होय," म्हणून त्यांनीं चिठ्ठ्या नीट जुळवून आमच्या हातीं परत दिल्या, आणि सकाळीं किती वाजतां निघावयाचें तें विचारलें.