पीक हातचं गेलं तरी ‘आभार’ कशाचे? गावच्या चर्चमधल्या प्रार्थनेत नेमकं काय म्हणतात

रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजते. माणसं बायबल काखेत धरून निघतात, थोड्या वेळाने आतून पेटी-तबल्यावर भजन ऐकू येतं. शेजारपाजारच्या बऱ्याच लोकांना एवढंच माहीत असतं. आत ही मंडळी देवाकडे काय मागतात, कोणत्या शब्दांत मागतात, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षीही उपकारस्तुती कशी करतात, हे सहसा कुणी विचारत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यात हा प्रश्न तसा घरचाच आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे 1831 साली सुरू झालं. राहुरी, नेवासा, श्रीरामपूर या भागांत आज कित्येक गावांत ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि मजुरी करून राहतात. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते, तिथे तर सगळ्या धर्मांचे लोक जातात.

आधी एक मुद्दा. ख्रिस्ती माणूस मनात येईल त्या शब्दांत प्रार्थना करू शकतो, त्याला बंधन नाही. तरीही घरातल्या म्हातारीची संध्याकाळची प्रार्थना ऐकली, तर निम्मे शब्द बायबलातले निघतात. तिने ते पाठ केलेले असतात असंही नाही. वर्षानुवर्षं ऐकून ते तोंडात बसलेले असतात. कॅथलिक घरांत जपमाळेवर मरियेची प्रार्थना म्हणतात, तिचा पहिला भागही थेट लूककृत शुभवर्तमानातून आलाय. देवदूताने मरियेला केलेलं वंदन आणि अलिशिबेने दिलेला आशीर्वाद, हे दोन्ही त्यात एकत्र आहेत.

आजच्या पुरती भाकर

सगळ्यात जास्त म्हटली जाते ती प्रभूची प्रार्थना. ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकवा’ असं एका शिष्याने म्हटल्यावर येशूने ती शिकवली, असं लूक सांगतो. मत्तयाच्या 6व्या अध्यायातही ती आहे. म्हणायला मिनिटभरही लागत नाही. लक्ष देऊन ऐकलं तर कळतं, की तिच्यात ‘मी’ आणि ‘मला’ हे शब्दच नाहीत. सगळं ‘आम्ही’ आणि ‘आम्हाला’. एकटा माणूस खोलीत बसून म्हणत असला तरी मागणं गावकीचं.

त्यात भाकर मागितली आहे ती आजच्या दिवसापुरती. यामागे जुन्या करारातली गोष्ट आहे. मिसर देशातल्या गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक रानात उपाशी होते, तेव्हा देवाने त्यांना मान्ना नावाचं अन्न दिलं. रोज सकाळी त्या दिवसापुरतं गोळा करायचं. ज्यांनी हावरेपणाने दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं, त्यांच्या मान्नात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. हातावर पोट असलेल्या घराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. याचा अर्थ कणगी भरूच नका, असा मात्र नाही. याच बायबलात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवून मिसरला दुष्काळातून वाचवलं, हेही आहे.

पुढची ओळ खरी अवघड. देवाने आपल्याला माफ करावं असं मागताना, आपणही दुसऱ्याला माफ केलंय हे त्यात कबूल करावं लागतं. मत्तयाने इथे पापासाठी चक्क ‘ऋण’ हा शब्द वापरलाय. आता बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे, कोर्टात तारीख पडतेय, आणि तोंडाने ही ओळ म्हणायची! एक अध्याय आधी येशू स्पष्ट सांगतो, की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग परत ये. चर्चच्या पायरीवरून माघारी फिरून भावाच्या घरी जायचं, असाच याचा सरळ अर्थ. ते किती जण करतात, हा प्रश्न निराळा.

‘तो’ आणि ‘तू’

भरवशाची प्रार्थना म्हटली की 23वं स्तोत्र. आजाऱ्याच्या खाटेजवळ, मातीला, लांबच्या प्रवासाला निघताना, सगळीकडे तेच. स्तोत्रसंहितेत एकूण 150 स्तोत्रं आहेत, पण एवढं कुठलंच तोंडपाठ नसतं. ते दाविदाच्या नावावर आहे आणि दावीद मूळचा मेंढरं राखणारा पोरगा. म्हणून त्यात हिरवं कुरण आहे, पाणी आहे, हातात काठी आहे. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांना पाहत मोठ्या झालेल्या माणसाला हे चित्र परकं वाटत नाही. मराठीत चर्चच्या धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात, तो शब्दही मेंढपाळाचाच.

या सहा ओव्यांएवढ्या स्तोत्रात एक बारीक गोष्ट सहज निसटते. सुरुवातीला, सगळं बरं चाललेलं असताना, दावीद देवाबद्दल बोलतो, ‘तो’ असं करतो, ‘तो’ तसं करतो. मरणाच्या अंधाऱ्या दरीत पाय पडतो आणि त्याच ठिकाणी ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो. आता बोलणं थेट देवाशीच.

पण दरीतला माणूस नेहमी शांत असतो असं नाही. 13व्या स्तोत्रात ‘किती काळ?’ हा सवाल देवाला चार वेळा केलाय. वधस्तंभावर येशूनेही 22व्या स्तोत्राचे सुरुवातीचे शब्द उच्चारले, आणि ते देवाने आपल्याला का टाकलं, हे विचारणारे आहेत. म्हणजे तक्रार करणं हे बायबलच्या प्रार्थनेत अविश्वास ठरत नाही. ‘रडू नका, विश्वास ठेवा’ असं दुःखात असलेल्या घराला लगेच सांगणाऱ्यांनी ही दोन स्तोत्रं एकदा वाचायला हरकत नाही.

आजारपणाचंही तेच. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं सांगितलंय. पण दवाखाना सोडा, असं त्यात नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, असं ख्रिस्ती परंपरा मानते. गोळ्या बंद करायला लावणाऱ्या कुणाच्याही सांगण्याला या वचनाचा आधार नाही.

टोपली घेऊन

आता मूळ प्रश्न, आभार कशाचे? पिकं निघाली की मराठी मंडळ्यांत हंगामाचा सण होतो. लोक ज्वारी-बाजरीची कणसं, भोपळा, अंडी, एखादी कोंबडीसुद्धा घेऊन येतात. वेदीपुढे ठेवतात, प्रार्थना होते, पुष्कळ ठिकाणी नंतर लिलाव होतो. दहा रुपयांची गवारीची जुडी शंभरला जाते आणि सगळे हसतात. याचं मूळ अनुवादाच्या 26व्या अध्यायात सापडतं. पहिलं पीक टोपलीत घालून आणायचं, आणि टोपली ठेवताना आपले पूर्वज भटके होते, परक्या देशात गुलाम होते, देवाने सोडवून ही जमीन दिली, हे मोठ्याने सांगायचं. मग त्या आनंदात गावातल्या परक्यालाही सामील करायचं. पिकाआधी आपली गरिबी आठवायची, असा हा रिवाज.

आणि टोपली रिकामी असेल तर? त्यासाठी हबक्कूक नावाचं छोटं पुस्तक आहे, सुमारे 2600 वर्षांपूर्वीचं. पहिल्याच अध्यायात हा संदेष्टा अन्याय बघून देवाशी भांडतो. शेवटी तो नुकसानीचा पंचनामाच करतो. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतून फसलं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एवढं सगळं मोजून झाल्यावर तो म्हणतो, की तरीही मी देवाच्या ठायी आनंद करीन. नुकसान झालंच नाही असा आव त्याने आणलेला नाही, आणि पुढच्या वर्षी दुप्पट येईल असं आश्वासनही तिथे नाही. जळालेल्या कपाशीच्या वर्षी एखादा शेतकरी मूठभर दाणे घेऊन चर्चला येतो, तेव्हा तो याच माणसाच्या शेजारी उभा असतो.

हे शब्द मराठीत रुळावेत म्हणून पुष्कळांनी हाडाची काडं केली. 1616 साली फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत छापलं गेलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं, कमी शिकलेल्या बायकांनाही कळावं म्हणून. नगरला काम केलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनं लिहिली. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून ती आजही गायली जातात. म्हणूनच बाहेरून ऐकणाऱ्याला कधी कधी वाटतं, चर्च आहे की हरिपाठ चाललाय!

शेवटचा ‘आमेन’ मात्र हिब्रूच राहिला. ‘खरंच, तसंच होवो’ असा त्याचा अर्थ. एकाने प्रार्थना केली आणि बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हटलं, की ती सगळ्यांची झाली.

मराठी बायबल मोबाईलवर मोफत वाचता येतं. 13वं आणि 23वं स्तोत्र, मत्तयाचा 6वा अध्याय आणि अनुवादाचा 26वा, एवढं वाचायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. हबक्कूक शोधताना जुन्या कराराच्या शेवटाकडे जावं लागेल. पुस्तक अवघं 3 अध्यायांचं आहे, चटकन सापडत नाही.