पाली सुटली, रात्रीचे साडेआठ सुटले नाहीत

आजचा एपिसोड हेडफोन लावूनच ऐका, कारण विषय तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातला आहे. वडिलांची दारू, आणि आपण घर सोडल्यावरही ती आपल्यासोबत कशी येते ते.

मी पालीचा. बल्लाळेश्वराला आलेल्या लोकांच्या गाड्या संध्याकाळी परतल्या की गाव शांत व्हायचं, आणि माझे कान टवकारायचे. फाटकाच्या कडीच्या आवाजावरून बाबा किती प्यायलेत ते कळायचं. कडी एका झटक्यात लागली तर जेवण. खडखडत राहिली तर धाकट्या बहिणीला घेऊन मागच्या खोलीत.

नोकरीसाठी पुण्याला निघालो. एसटी खोपोलीच्या रस्त्याला लागली तेव्हा वाटलं, सुटलो! पण साडेआठ वाजले की रूमवर हातातला घास हातातच. आईच्या नुसत्या 'हॅलो'वरून घरचा अंदाज घ्यायचा. तिने फोन उचलला नाही तर झोप गेलीच. ऑफिसात साहेबांचा आवाज जरा चढला तरी पोटात गोळा.

असं का होतं? लहानपणापासून शरीराला धोका ओळखायची सवय लागलेली असते. गाव बदललं म्हणून ती जात नाही. वर अपराधीपणा: मी निघालो, बहीण तिथेच. मग आपण पैसे पाठवतो, उधारी फेडतो. मी दोनदा फेडली, तिसऱ्या महिन्यात पुन्हा तेवढीच! परिणाम आपणच झेलले तर पिणाऱ्याला थांबायची गरज काय?

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. व्यसन हा आजार आहे आणि त्यात घरही होरपळतं, म्हणून तिथे घरच्यांशीही बोलतात. अल-अनॉनचे गट तर पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ही दारू तुमच्यामुळे लागलेली नाही, आणि ती सोडवणं तुमच्या हातात नाही. हे ऐकून मला आधी रागच आला होता, खरं सांगतो. मग आठवडाभर शांत झोप लागली. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस आहे, १४४१६, फुकट, मराठीतही.

बाबा अजून पितात. आईशी मी आता सकाळी सातला बोलतो, बाबा उठायच्या आत, ती जास्वंदीची फुलं काढत असते तेव्हा. उधारी फेडत नाही. बहीण बारावीला आहे, परवा हॉस्टेलची फी विचारत होती. तिचा फोन मात्र रात्री कितीही वाजता आला तरी उचलतो.