अंगावर येणारा कोंबडा
परसातला कोंबडा चोचीपेक्षा पायांनी मारतो. ५-६ महिन्यांचा झाला की अंगात वारं शिरतं. एक पंख खाली सोडून तिरका तिरका चालत येतो, मानेची पिसं फुलवतो आणि उडी घेऊन पायामागचा काटा पोटरीत रुतवतो. लहान मुलांच्या तर डोळ्यांनाच धोका. आपण पळालो की तो जिंकला. लाथ घातली तर त्याच्या लेखी झुंजच लागली. म्हणून जागचं हलू नये, बादली किंवा सूप आडवं धरावं आणि तो मान वळवून दाणे टिपू लागला की मगच निघावं. तरीही सुधारला नाही, तर रस्सा आहेच, नाहीतरी ८-१० कोंबड्यांमागे एक नर पुरे! फक्त त्याच्या वंशाची अंडी उबवायला ठेवू नयेत. तापटपणा पिलांत उतरू शकतो.